भावार्थ आणि दुबाव

अंजनवेलच्या गोपाळगडावर उभं राहिलं की वाशिष्ठीच्या मुखापलीकडे दाभोळ दिसतं. माझ्यासारख्या कोकणी कॅथलिकाला हे पाणी शांतपणे बघवत नाही. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज सेनानी फ्रान्सिस्को द आल्मेदाचं आरमार इथं आलं. चौलच्या लढाईत पडलेल्या मुलाच्या सूडानं पेटलेल्या त्या बापानं दाभोळ जाळलं, लहानथोर कापले. पोर्तुगीज शिडांवर तेव्हा क्रूस रंगवलेला असे. माझ्या गळ्यातही क्रूस आहे.

विश्वास हुकमानं बसवता येतो, अशी त्या सत्तेची समजूत होती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि शंका हा गुन्हा ठरला.

त्याच गोव्यात १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट उतरला. त्याचं मराठी ओव्यांतलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय? हे गाऱ्हाणं स्टीफन्सनं दडपलं नाही, त्यातूनच ग्रंथ सुरू केला. पुढेही श्रोते मधेच विचारतात, पाद्री उत्तर देतो. पुराण ऐकायला बसणाऱ्या माणसाला हा रिवाज ओळखीचा होता. अखेर पाद्रीचंच खरं ठरतं, हे विसरून चालणार नाही. तरी जिथं शंकेसाठी तुरुंग होता तिथं तिला ओवी मिळाली, हे मला फार मोठं वाटतं.

श्रद्धेला आम्ही ख्रिस्ती लोक कोकणीत ‘भावार्थ’ म्हणतो. हा शब्द स्टीफन्सच्याही ओव्यांत आहे. ज्ञानेश्वरीचं दुसरं नाव भावार्थदीपिका. तिथं भावार्थ म्हणजे आतला अर्थ, जो उलगडावा लागतो. आणि शंकेला कोकणीत म्हणतात ‘दुबाव’. माझ्या कानाला त्यातही भावच ऐकू येतो. दोन भाव, दुभंगलेलं मन. पण भावाचा अभाव नव्हे.

या कोकणीवरही घाला आला. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. माणूस ज्या भाषेत भांडतो, रडतो, त्याच भाषेत देवाला जाब विचारतो. ती काढून घेतली की पाठांतर उरतं. पिढ्यान् पिढ्या आमच्या लोकांनी लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, न कळताच ऐकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं मिस्सेची दारं लोकभाषांना उघडली. १९६५ मध्ये तिनं धर्मस्वातंत्र्याची घोषणाही केली, की श्रद्धा कुणावर लादू नये. दाभोळ जळून तोवर साडेचारशे वर्षं उलटली होती.

माझी आजी रोज संध्याकाळी कोकणीत तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणे. तिचा धाकटा मुलगा तापानं गेला त्या वर्षी, ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ ही ओळ आली की ती गप्प होई. बाकीचे म्हणत; ती मणी बोटांत धरून थांबे आणि पुढच्या ओळीला पुन्हा मिसळे. आईनं सांगितलेली ही हकिगत. गावच्या पाद्रीनं एकदा कारण विचारलं तेव्हा आजी एवढंच म्हणाली, “दुबाव आसा, फादर.”

त्यानं तिला काही समजावलं नाही. त्या संध्याकाळी तो तेर्साला थांबला. ती ओळ आली, आजी गप्प झाली आणि तिच्याबरोबर तोही गप्प राहिला.