शेऱ्याचा रकाना

सुट्टीत नातू दौंडला आला की आमच्या घरातला टीव्ही त्याच्या मालकीचा होतो. त्याला शर्यतीच्या मोटारींचे वेड आहे. गेल्या वैशाखात तो एका इंग्रजी कार्यक्रमाचे जुने भाग पाहत होता आणि मी शेजारी पेपर तोंडापुढे धरून बसलो होतो. पेपर वाचीत होतो असे म्हणवत नाही, कारण थोड्याच वेळात माझेही लक्ष पडद्याकडे गेले. पांढरे शिरस्त्राण घातलेला, तोंड न दाखवणारा एक चालक एकामागून एक मोटारी त्याच वाटेवरून पळवीत होता आणि प्रत्येकीला लागलेला वेळ एका फळ्यावर चढत होता. एका मोटारीच्या वेळी पाऊस पडला. ती फळ्यावर बरीच खाली गेली. नातू चिडून म्हणाला, "आजोबा, हा अन्याय आहे. हिच्या वेळेला रस्ता ओला होता."

मी म्हटले, "मग तसे त्यांनी लिहिले नाही का?"

"लिहिलंय की! पण नंबर खालचाच ना?"

त्याचे हे उत्तर माझ्या मनातून जाईना. त्याला कारण आहे. पण ते पुढे सांगेन.

तो कार्यक्रम म्हणजे बीबीसीचा 'टॉप गिअर'. आता तो बंद आहे. २००२ साली त्याला नवे रूप मिळाले आणि तेव्हापासून इंग्लंडातील डन्सफोल्ड येथल्या युद्धकाळात बांधलेल्या विमानतळावर आखलेली पावणेदोन मैलांची वाट ही मोटारींची कसोटी ठरली. त्या मंडळींची एक हुशारी मला आवडली. मोटारींची तुलना करायची तेव्हा चालक एकच ठेवायचा. आणि पाहुणे म्हणून आलेल्या नट-गायकांची तुलना करायची तेव्हा मोटार एकच ठेवायची, तीही सुझुकीची लियाना म्हणून एक साधी मोटार. जे मोजायचे ते सोडून बाकीचे सारे स्थिर धरावे, हे शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांचेच सूत्र. पण बाकीचे सारे स्थिर धरणे मास्तरांना तरी कुठे साधते? सगळ्या मोटारी एका दिवशी येत नाहीत. एक उन्हात येते, दुसरी थंडीत येते, आणि गार रस्त्यावर टायर नीट पकड घेत नाही. शिवाय वाट वळणांची. लांब सरळ रस्त्यावर वाऱ्यासारखी जाणारी मोटार तिथे घुटमळते आणि हलकी, चपळ मोटार तिला मागे टाकते. वाट आखणाऱ्याने निकालाचा काही भाग आधीच लावून ठेवलेला असतो, आणि तोही नकळत.

हा प्रश्न सोडवायला इंग्लंडात जायला नको. भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात शिरले की यात्रांच्या दिवसांत तो गावोगाव भेटतो. सातारा-सांगलीकडची बैलांची शर्यत आणि आमच्याकडची शर्यत यांत मोठा फरक आहे. तिकडे छकडे शेजारी शेजारी एकदम सुटतात; जो आधी पोचला तो जिंकला, घड्याळ नसले तरी चालते. इकडे शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागात गाडा एकटाच पळतो. चार बैल, पुढे घोडी, गाड्यावर माणूस नाही, आणि सारा खेळ थोड्या सेकंदांचा. प्रत्येकाची बारी वेगळी. प्रतिस्पर्धी शेजारी नसतो, तो घड्याळात असतो. म्हणजे हा त्या इंग्रजी फळ्याचाच प्रकार झाला, फक्त गुलालासकट.

बारी चिठ्ठीने ठरते. चिठ्ठी सर्वांना सारखी, हे खरे. पण चिठ्ठीने मिळणारा घाट सारखा नसतो. सकाळी घाट घट्ट असतो. दुपारपर्यंत शंभर गाड्यांच्या खुरांनी तो उकरला जातो आणि शेवटच्या गाड्यांच्या वाट्याला फुफाटा येतो.

सर्वांना सारखे ते न्याय्य, असे आपण पटकन म्हणून टाकतो. आम्हा रेल्वेच्या माणसांत यावर एक जुनी गोष्ट सांगतात. १९४८ साली इंग्लंडातल्या रेल्वे कंपन्या सरकारच्या ताब्यात आल्या तेव्हा कोणाचे इंजिन सरस हे ठरवण्यासाठी एका कंपनीची इंजिने दुसरीच्या मार्गावर चालवून पाहिली. पक्षपात नको म्हणून कोळसाही बहुतेक सर्वांना एकाच जातीचा, यॉर्कशायरचा दिला. याहून समदृष्टी ती कोणती? पण पश्चिमेकडच्या कंपनीची इंजिने वेल्सच्या कोळशावर बेतलेली होती. ती मागे पडली आणि वर्षअखेरीस वेल्सचा कोळसा देऊन त्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. त्यातही काही ड्रायव्हर कोळसा वाचवण्याच्या नादात वेळ घालवीत, काही वेळ गाठण्यासाठी कोळसा उधळीत. मोजले जात होते ते इंजिन, की माणूस, की खाण?

याच कार्यक्रमावर टेस्ला कंपनीने २०११ साली लंडनच्या न्यायालयात दावा लावला होता. तिची विजेची मोटार दोनशे मैल चालते असे कंपनी म्हणे. कार्यक्रमात सांगितले की आमच्या वाटेवर ती पंचावन्न मैलांत थांबेल. न्यायाधीशांचे म्हणणे असे पडले की, शर्यतीच्या वाटेवरचे पळणे आणि रोजच्या रस्त्यावरचे चालणे यांतला फरक कोणत्याही समंजस प्रेक्षकाला कळतो. २०१३ साली अपिलातही कंपनी हरली. कायदा म्हणून हे बरोबरच असेल. मात्र न्यायाधीशांनी यात्रेतली गर्दी पाहिली नसावी. तिथे कर्ण्यावरून एकदा आकडा पुकारला की समंजस माणूससुद्धा त्या आकड्याखेरीज दुसरे काही ऐकत नाही.

मी सदतीस वर्षे रेल्वेत गार्ड होतो, त्यातली पुष्कळशी दौंड-मनमाड मार्गावर गेली. (२०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. मला गार्डच बरा वाटतो.) गार्डाजवळ एक रोजनामा असतो. गाडी कोणत्या स्टेशनला कधी आली, कधी सुटली, किती मिनिटे गेली, आणि का गेली, हे सारे त्यात लिहायचे. गाडी चाळीस मिनिटे उशिरा पोचली एवढेच लिहिले तर तो ड्रायव्हरवर आरोप होतो. पंचवीस मिनिटे समोरच्या गाडीसाठी थांबलो, दहा मिनिटे रुळाच्या कामामुळे हळू चालावे लागले, असे लिहिले की ड्रायव्हरच्या नावावर पाचच उरतात. चाळीसाचा आकडा खोटा नव्हता. शेऱ्याचा रकाना भरेपर्यंत तो खराही नव्हता. हे मला शिकायला तत्त्वज्ञानाची पुस्तके लागली नाहीत, नोकरीनेच शिकवले.

म्हणूनच १९९४ च्या चैत्रात मी जे केले त्याला माझ्याजवळ सबब नाही.

शिरूर तालुक्यातल्या एका गावची यात्रा होती. गार्ड म्हणजे वेळेचा माणूस, या हिशेबाने गावकऱ्यांनी माझ्या हाती घड्याळ दिले. दिवसभर मी ते चोख चालवले. उन्हे कलल्यावर एका वयस्कर शेतकऱ्याचा गाडा सुटला. बैल असे आले की मी पाहतच राहिलो. धुळीत निशाण दिसले नाही, आणि लोक ओरडले तेव्हा माझ्या अंगठ्याने कळ दाबली. उशीर झाला हे मला त्याच क्षणी कळले. किती उशीर, ते कळले नाही. पहिल्या नंबरात बसायला तो गाडा दोन दशांश सेकंदांनी कमी पडला. आकडा पुकारला गेला. पुढचा गाडा जुंपून तयार होता, गर्दी आरोळ्या देत होती, आणि मी गप्प बसलो.

सायंकाळी तो शेतकरी माझ्याकडे आला. भांडायला नव्हे. पागोटे सावरीत त्याने विचारले, "गार्डसाहेब, घड्याळ बराबर व्हतं न्हवं?"

मी म्हणालो, "घड्याळ बरोबर होते."

हे वाक्य शब्दशः खरे होते. आयुष्यात मी काही खोटे बोललो असेन, पण त्यांतले एकही मला या खऱ्या वाक्याइतके छळत नाही. पहिल्या नंबरातल्या बैलाला एक किंमत असते आणि दुसऱ्या नंबरातल्याला दुसरी. त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर त्याने त्यातली एक जोडी विकली असे मागाहून कानांवर आले.

मधल्या काळात पुष्कळ गोष्टी बदलल्या. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. आपल्याला पळवून आपली तुलना करावी, याला बैलाची संमती आहे का, हे अजून कोणी विचारलेले नाही. पावसात पळवले म्हणून मोटारीला निदान काही वाटत तरी नाही. आता पुष्कळ घाटांवर विजेवर चालणारे घड्याळ आले आहे. अंगठ्याचा प्रश्न मिटला. फुफाट्याचा मिटलेला नाही.

नातवाने फळ्यावरून भांडण काढले, त्याच आठवड्यात मी त्याला घेऊन त्या गावच्या घाटावर गेलो. मला ओळखून चाळिशीपुढचा एक माणूस आला, पाया पडला. त्या शेतकऱ्याचा मुलगा. वडील जाऊन बरीच वर्षे झाली, म्हणाला. मग हसून म्हणाला, "नाना म्हणायचे, त्या साली नंबर गेला त्याचं वाईट वाटलं, पण घड्याळ गार्डसाहेबांच्या हाती व्हतं, तवा तक्रार न्हाई."

मी त्याला बाजूला घेतले आणि अंगठ्याची गोष्ट सांगितली. त्याने मान खाली घालून ऐकली. थोड्या वेळाने विचारले, "किती उशीर झाला असंल?"

"ते मला तेव्हाही कळले नाही."

तो काही बोलला नाही. कर्ण्यावरून त्याच्या गाड्याचा पुकारा झाला. घाट तोवर उकरून गेला होता आणि त्याची बारी शेवटून तिसरी होती. "येतो," म्हणून तो बैलांकडे गेला. नातू माझ्या शेजारी उभा राहून सारे ऐकत होता. त्याने मला एकदाही हाक मारली नाही. माझा हात धरून तो घाटाकडे पाहत राहिला.