भाड्याच्या घरातले म्हातारपण

आपल्या समाजात म्हाताऱ्यांचा विषय निघाला की बोलणे आई-वडिलांच्या खिदमतीवर येते. जुम्म्याच्या बयानात तेच, शादीच्या मजलिसीत तेच, आणि आपल्या कथा-कवितांतही बहुधा तेच. मुलांनी सांभाळावे, हे बरोबरच आहे. पण या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट आपण न बोलता धरून चाललेलो असतो. ती म्हणजे म्हाताऱ्याला एक घर आहे, त्या घराला ओटा आहे, आणि त्या ओट्यावर बसून तो तसबीह फिरवू शकतो.

भिवंडी, मालेगाव, मुंब्रा इथे ज्यांचे आयुष्य गेले त्या कष्टकऱ्यांपैकी कितीतरी जणांना असा ओटा नाही. मागावर काम करणारा विणकर, शिलाई मशीनवरचा कारागीर, बेकरीतला माणूस, दुसऱ्याची रिक्षा चालवणारा, घरी बसून पीसवर काम करणारी बाई. निवृत्ती हा शब्द कचेरीतल्या माणसांचा आहे. आपल्याकडे माणूस निवृत्त होत नाही, तो 'घरी बसतो'. आणि बसण्याच्या आधीची दहा वर्षेच खरी अवघड असतात. विणकराला मजुरी कापडाच्या मापावर मिळते. पन्नाशीनंतर नजर कमी होते, मागांच्या आवाजाने कान गेलेले असतात, पूर्वी जितके माग तो सांभाळायचा तितके आता झेपत नाहीत. काम सुटण्याच्या कितीतरी आधी मजुरी उतरू लागते. भाडे मात्र उतरत नाही.

अशा माणसासाठी सरकारकडे काय आहे? प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला लागतो. एकाच छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर दाखवले की तो लागत नाही, हे आपल्यातल्या कारखानदारांना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांना 1995 च्या योजनेतली पेन्शन मिळते, त्यांच्यासाठीही 2014 साली कमीत कमी रक्कम ठरली ती महिना 1,000 रुपये. अटल पेन्शन योजना 2015 मध्ये आली, श्रमयोगी मानधन 2019 मध्ये. दोन्हींत शिरायचे वय 18 ते 40. म्हणजे योजना आली तेव्हा जो पंचेचाळीस वर्षांचा होता, त्याला पहिल्याच दिवशी उशीर झालेला होता.

राहिली श्रावणबाळ योजना. वय 65 पाहिजे. 2023 पासून त्यात महिना 1,500 रुपये झाले, ही चांगली गोष्ट. पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे 21,000 रुपयेच राहिली. महिन्याला 1,750. आता भाड्याने राहणाऱ्याच्या नजरेने हा आकडा पाहा. एका खोलीचे भाडे चार हजार धरले, तर जो ते भरतो त्याची वर्षाची कमाई 48,000 च्या खाली असूच शकत नाही. म्हणजे जोवर तो इमानदारीने भाडे भरतो, तोवर तो कागदावर गरीब नाही. भाडे थकले, खोली गेली, की तो गरीब ठरतो, पण मग त्याच्याजवळ राहण्याचा पुरावा नसतो. पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला मागितला जातो आणि याच्या हातात अकरा-अकरा महिन्यांचे करारनामे, तेही सगळे जपून ठेवले असतील तर. ही अट कोणी दुष्टपणाने घातली असे आम्ही म्हणत नाही. ती घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गावातला, स्वतःच्या पडक्या का होईना पण घरात राहणारा म्हातारा होता. शहरातला भाडेकरू त्याला दिसलाच नाही.

ब्रिटनमध्ये पेन्शनच्या वयाच्या गरीब भाडेकरूला घरभाड्यासाठी वेगळी मदत मिळते, ऑस्ट्रेलियातही पेन्शनच्या जोडीला भाड्याची रक्कम दिली जाते. स्वतःच्या घरातला म्हातारा आणि भाड्याच्या घरातला म्हातारा यांची गरिबी एक नाही, एवढे तिथल्या कायद्याने ओळखले आहे.

हीच चूक आपल्या मोजमापातही होते. डिपॉझिटचे लाखभर रुपये मालकाकडे पडलेले असतात. जकातीच्या हिशेबात त्या रकमेचे काय करायचे? ती त्याची आहे, म्हणून तो साहिबे-निसाब धरायचा? की ती त्याच्या हातात नाही, म्हणून हकदार? यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत आणि त्यात पडण्याचा आमचा अधिकार नाही. पण मोहल्ल्याच्या कमिटीत बसलेला माणूस मत विचारायला जात नाही. तो म्हणतो, "याचं डिपॉझिट आहे, मुलगाही कमावतो, पुढचा अर्ज घ्या." हे पैसे काढले तर राहायचे कुठे, हा प्रश्न त्या अर्जात लिहायला जागा नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तीस वर्षे एखाद्याने भाडे भरले, तर त्याचे कोणावर काही देणे निघते का? व्यवहार म्हणून पाहिले तर नाही. खोली वापरली, तिचे पैसे दिले, करार संपला. आपल्यातले कित्येक जण घरमालक आहेत. कोकणातून आखातात गेलेल्यांनी मुंब्रा-कौशात फ्लॅट घेतले, भिवंडीत आपल्या लोकांच्या चाळी आहेत. ते असेच बोलतील आणि त्यांचे बोलणे खोटे नाही. शिवाय प्रत्येक मालक सेठ नसतो. एक खोली भाड्याने देऊन त्यावरच गुजराण करणारी बेवा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिला सांगायचे का, की भाडेकरू म्हातारा झाला, आता तू अर्धेच घे? ते इन्साफ नव्हे. एका गरिबाचे ओझे उचलून दुसऱ्या गरिबाच्या डोक्यावर ठेवणे झाले.

इमाम अबू यूसुफ यांच्या 'किताबुल खराज'मध्ये हजरत उमर यांची एक हकीकत आहे. दारोदार मागणारा एक आंधळा, म्हातारा यहुदी त्यांना दिसला. विचारपूस केली तेव्हा कळले की जिझिया, गरज आणि वय या तिन्हींनी त्याला रस्त्यावर आणले. हजरत उमर यांनी त्याला घरी नेले, जवळचे काही दिले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. बैतुलमालच्या खजिनदाराला सांगितले की याच्या जवानीची कमाई आपण खाल्ली आणि म्हातारपणी याला सोडून दिले, हा इन्साफ नाही. त्याचा आणि त्याच्यासारख्यांचा जिझिया माफ झाला.

ही हकीकत आपण रहमदिलीचा नमुना म्हणून ऐकवतो. आम्हाला ती हिशेबाची वाटते. देणे कोणा एकाच्या खिशातून फेडले गेले नाही, ज्या खजिन्यात त्याचे पैसे गेले होते त्याच खजिन्यावर ते ठेवले गेले. आपल्या विणकराचे पैसे कुठे गेले? कापडात गेले, चाळींत गेले, तो जी चहापत्ती आणि साबण विकत घेत आला तिच्यावरच्या करात गेले. 1992-93 च्या दंग्यांनंतर माणसे मुंबई सोडून मुंब्र्यात आली आणि तिथल्या जमिनीला किंमत आली, तीही त्यांच्या भाड्यानेच. भाड्याने घर मिळताना मुसलमानांना येणाऱ्या अडचणींची नोंद 2006 च्या सच्चर अहवालातही आहे. जिथे मिळते तिथेच दाटीने राहायचे, म्हणजे भाडे ठरवण्याची ताकद एकाच बाजूला. तेव्हा देणे आहे, ते सरकारवर आहे आणि जमातीवरही आहे. फक्त ते खैरातीच्या खात्यात लिहिलेले आहे, ते तिथून काढून हक्काच्या खात्यात लिहायचे आहे.

आपल्या बुजुर्गांना घराचा विचार सुचत नव्हता असे नाही. मुंबईतला साबू सिद्दीक मुसाफिरखाना हाजींच्या कितीतरी पिढ्यांना आसरा देत आला. मशिदीच्या मुअज्जिनला हुजरा दिला गेला. पण नोकरी संपली की हुजराही रिकामा करावा लागतो, आणि चाळीस वर्षे अजान दिलेला माणूस सत्तराव्या वर्षी खोली शोधत फिरतो, हे आपल्या डोळ्यांसमोर घडत असते. वक्फच्या जमिनीवर शादीखाने झाले, दुकानांचे गाळे झाले. कमी भाड्याच्या, म्हाताऱ्यांसाठी राखलेल्या चार खोल्या का होऊ नयेत?

आणि रेशन किटचे म्हणाल, तर रमजानमध्ये आपले हात मोकळे असतात, हे खरे. पण भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला लागते. सफरमध्येही लागते. पन्नास ते पासष्ट या वयातल्यांना भाड्यातला तुटलेला भाग दरमहा, गाजावाजा न करता देता येईल असा लहानसा फंड एखाद्या मोहल्ल्याने सुरू करून पाहावा. त्यासाठी अर्ज मागवू नयेत. अठ्ठावन्न वर्षांचा, अजून कामावर जाणारा माणूस कमिटीसमोर हात पसरायला येणार नाही, आणि त्याने यावे अशी अपेक्षाही करू नये. घरमालकांना विचारावे. कोणाचे भाडे तीन महिन्यांपासून दोन तुकड्यांत येऊ लागले आहे, हे त्यांच्या वहीत सर्वांत आधी दिसते.