पूर्वसूरींशी इमान

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, उत्तरेस डोंगराच्या कुशीत जी बौद्ध लेणी आहेत, त्यांपैकी सातव्या लेण्याच्या गर्भगृहात एक नर्तकी आणि तिच्यासवे वाद्ये घेतलेल्या सहा स्त्रिया कोरलेल्या आहेत. बासरी, टाळ, चर्मवाद्ये असा तो मेळ आहे. दगडात हातांची ठेवण राहिली. नाद मात्र गेला. हे शिल्प पाहून परतताना आमच्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. लोपलेला नाद पुन्हा उभा करू पाहणे हे पूर्वजांप्रत आपले कर्तव्य आहे, की ती केवळ आत्मवंचना होय?

पश्चिमेकडील काही वादकांनी या प्रश्नापायी आपले सारे आयुष्य वेचले आहे. सुमारे १६०० ते १७५० या काळातील तेथील संगीतास 'बरोक' म्हणतात. पुढे व्हायोलिनवर पोलादी तारा आल्या, कमान लांब व जड झाली, हनुवटी टेकण्यासाठी आधार बसला आणि आवाज मोठमोठी सभागृहे भरून टाकू लागला. बेल्जियममधील सिगिसवाल्ड कुइकेन या वादकाने १९६९ च्या सुमारास हा सारा क्रम उलट दिशेने चालून पाहिला. आतड्याच्या तारा, जुन्या घडणीची आखूड कमान, आणि वाद्य हनुवटीत न दाबता नुसते खांद्याशी टेकवून धरणे, अशी त्याची पद्धत होती. १९७२ मध्ये त्याने 'ला पेतीत बाँद' हा वाद्यवृंद स्थापिला. ही पद्धत शिकविणारी गुरुपरंपरा मध्यंतरी खंडित झालेली होती. म्हणून जेमिनियानीचा १७५१ चा आणि लेओपोल्ड मोत्सार्टचा १७५६ चा असे वादनावरील ग्रंथ, जुनी चित्रे व जुनी वाद्ये यांनाच गुरुस्थानी मानावे लागले. जो हा मार्ग पत्करतो, त्यास हाती मुरलेली सवय मोडावी लागते, आवाजाचा दरारा सोडावा लागतो, आणि बहुतेक आयुष्य लहान वृंदांत अनेकांपैकी एक म्हणून कंठावे लागते.

या त्यागाविषयी आदर वाटला तरी त्यावरील आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. रिचर्ड तारुस्किन या अमेरिकन पंडिताने असे प्रतिपादिले की, जुनी म्हणून मिरविली जाणारी ही वादनशैली वस्तुतः विसाव्या शतकाच्याच अभिरुचीचे अपत्य आहे. वाद्य जुने मिळेल, पण कान जुने कोठून आणावयाचे? अठराव्या शतकातील श्रोत्यास जे नवे होते तेच आम्हांस प्राचीन वाटते. मग स्वर तेच असले तरी अनुभव तोच कसा म्हणावा? हा आक्षेप खोडून काढता येईल असे आम्हांस वाटत नाही.

याच नगराच्या परिसरात या प्रश्नाचे एक निराळे उत्तर दडलेले आहे. येथून जवळच असलेला दौलताबाद म्हणजे यादवांची देवगिरी. तेथे तेराव्या शतकात, सिंघण राजाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचिला. त्याच्या सात अध्यायांत स्वर, राग, ताल, वाद्ये व नृत्य यांचे विवेचन आहे. कित्येक रचना स्वरलिपीसह दिल्या आहेत. एवढी सामग्री असूनही देवगिरीचे गायन आज कोणी गाऊ शकत नाही. कारण त्यातील शुद्ध स्वर नेमके कोणते, येथूनच विद्वानांचा मतभेद सुरू होतो. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी हा ग्रंथ बारकाईने अभ्यासिला, आणि अखेरीस प्रचारातील गायन, म्हणजे लक्ष्य, हेच प्रमाण मानून त्यावर शास्त्र उभारले. उस्तादांच्या व पंडितांच्या कंठी असलेल्या चिजा त्यांनी हिंडून मिळविल्या व लिहून ठेविल्या. लोपलेल्याचा शोध पुढे न रेटता, जे हयात आहे ते लोपू न देणे त्यांनी पत्करिले.

तर मग कुइकेन चुकला आणि भातखंडे बरोबर, असे म्हणावे काय? आमच्या मते दोघांपुढील परिस्थितीच भिन्न होती. भातखंड्यांपुढे जिवंत वारस उभे होते; कुइकेनपुढे कागद होते. वारसाचे इमान ज्याने हाती ठेव दिली त्या गुरूशी असते. संशोधकाचे इमान पुराव्याशी असते. पुरावा संपला की काय करावे, हाच खरा नैतिक प्रश्न होय.

येथे कोरेल्लीचे उदाहरण बोधप्रद आहे. १७०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्हायोलिनच्या सोनाटांतील संथ भाग अगदी साध्या, लांब स्वरांत लिहिलेले आहेत. वादकाने त्यांवर आपल्या बुद्धीने अलंकार चढवावेत अशीच त्या काळची अपेक्षा होती. आमच्याकडे ख्यालाची बंदिश चार ओळींची असते आणि उरलेले गवयाने भरावयाचे असते, तसाच हा प्रकार. तेव्हा जो वादक लिहिले तेवढेच तंतोतंत वाजवितो, तो अक्षराशी प्रामाणिक राहूनही रचनाकाराचा विश्वासघात करितो. पूर्वसूरीने जी जागा मोकळी ठेविली, ती भरण्याची जबाबदारी घेणे हाही आज्ञापालनाचाच भाग आहे.

मात्र ती जागा आपण भरली, हे कबूल करण्याचे धैर्य हवे. आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथेच सापडते. 'हेच ते जुने संगीत' असे जो म्हणतो, तो मृतांच्या नावावर आपले नाणे खपवितो. 'एवढे त्यांचे, आणि येथून पुढचे आमचे' असे जो सांगू शकतो, त्याचे काम अपुरे राहिले तरी ते इमानी असते. तारुस्किनचा आक्षेप अशा वादकास लागत नाही. कारण त्याने जुना कान असल्याचा दावा केलेलाच नसतो. नव्या कानाने, पण आपली सवय क्षणभर बाजूस ठेवून, दुसऱ्याचे ऐकावे एवढाच त्याचा यत्न असतो. आणि जिवंत माणसांशी वागतानाही याहून अधिक आपल्या हाती काय असते?

सातव्या लेण्यातील त्या सहा जणी काय वाजवीत होत्या हे आम्हांस कधी कळणार नाही. त्या हातांकडे पाहून उद्या कोणी तसा मेळ जमविला, तर आम्ही आनंदाने ऐकावयास जाऊ; फक्त वादनापूर्वी त्याने आम्हांस सांगावे की हात त्यांचे आहेत, आणि नाद आपला आहे.