आजचं चिंतन : आधी वाटा, मग ताट



आजचा श्लोक गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला, तेरावा. भगवंतांच्या सांगण्याचा भाव असा : यज्ञ करून जे उरतं ते खाणारे सज्जन पापातून सुटतात, आणि जे केवळ स्वतःपुरतं शिजवतात ते पापच खातात.

किती कडक आहे बघा. इथे कुणी कुणाला लुटलेलं नाही. स्वतःच्या कमाईचं, स्वतःच्या गॅसवर, स्वतःपुरतं रांधलं, एवढाच दोष! आणि क्रमही बघा. यज्ञ आधी, जेवण नंतर. आपण उलट करतो. आपलं पोट भरल्यावर उरलंसुरलं देतो आणि त्याला दान म्हणतो.

हा श्लोक आज आपल्या यवतमाळला लावून वाचू या. २०१५ मध्ये सरकारने राज्यातल्या १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी एक योजना आणली. यवतमाळ त्यात होतंच. केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्य : गहू २ रुपये किलो, तांदूळ ३ रुपये. पुढे हे धान्य थांबलं, आणि २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये बँक खात्यात द्यायचं ठरलं. आता आपलं किराणा बिल काढा आणि १५० रुपयांत महिन्याचं किती धान्य येतं ते बघा. त्यात श्रावणाचे दिवस म्हणजे पेरणी, बियाणं, खतात पैसा गेलेला आणि कापूस अजून बोंडातसुद्धा नाही. अशा वेळी खात्यात पैसे आले नाहीत, किंवा राबून झिजलेला अंगठा रेशनच्या मशीनवर उमटला नाही, तर चूल कशी पेटणार?

इथे मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात. दुष्काळात त्यांनी बादशाहाची कोठारं भुकेल्यांसाठी उघडली. त्या धान्याची किंमत भरायला प्रत्यक्ष विठोबा विठू महाराच्या रूपात बिदरला गेला, असं परंपरा सांगते. मला यात एक गोष्ट फार मोठी वाटते. दामाजींनी लोकांना भीक घातली नाही. लोकांनीच पिकवलेलं धान्य लोकांपर्यंत पोचवलं. रेशन हाही हक्कच आहे. म्हणून आपली मदत घेताना कुणाची मान खाली जाता कामा नये.

आपल्या कामाच्या भाषेत सांगतो. सर्व्हर डाऊन झाला की आपण लगेच बॅकअप चालू करतो, पण मूळ सर्व्हर दुरुस्त करायचं सोडत नाही ना? तसंच इथे दोन्ही करायचं.

बॅकअप म्हणजे पगार झाला की, स्विगीची पहिली ऑर्डर जायच्या आधी, एका घराचा महिन्याचा शिधा बाजूला काढायचा : ज्वारी, तांदूळ, तुरीची डाळ, तेल, तिखट-मीठ. गावातल्या किराणा दुकानात पैसे भरा, किंवा जवळच्या अन्नछत्राला काय कमी पडतंय ते विचारून तेच द्या. फोटो नको, स्टेटस नको.

दुरुस्ती म्हणजे गावी गेलात की एक दुपार काढून रेशन कार्डाचं ई-केवायसी करून द्या. बँक खातं आधारला जोडलंय का बघा. धान्य मिळत नसेल तर १९६७ वर तक्रार नोंदवा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात बसणाऱ्या कुटुंबाला धान्य दिलं गेलं नाही, तर भत्ता द्यायची तरतूदही त्याच कायद्यात आहे. हे सगळं आपल्याला मोबाईलवर दहा मिनिटांत वाचता येतं. शेतात राबणाऱ्या काकूंना ते कोण सांगणार? ही दहा मिनिटंही यज्ञातच जमा होतात.

ज्ञानेश्वर माऊली याच श्लोकावर सांगतात की अन्नाला साधंसुधं समजू नका, ते ब्रह्मरूप आहे. मग ब्रह्म आपल्या फ्रिजमध्ये कोंडून कसं चालेल?

आजचा संकल्प : रात्री ताट वाढण्याआधी एक नाव आठवायचं, ज्यांच्या घरी या महिन्यात धान्य आलंय की नाही हे आपल्याला माहीत नाही. आणि त्यांना फोन करायचा. जेवण त्यानंतर.

पांडुरंगा, आमच्या घासाआधी आम्हाला दुसऱ्याची भूक दिसू दे.

राम कृष्ण हरी!