विसरलेले प्रशिक्षण आणि न्यायदर्शनातली स्मृती

न्याय-वैशेषिक दर्शनांत आठवण ही तीन टप्प्यांची घटना मानली आहे. आधी अनुभव. त्या अनुभवातून आत्म्यात संस्कार उमटतो. त्याला ‘भावना’ असे पारिभाषिक नाव आहे. पुढे केव्हातरी एखाद्या निमित्ताने हा संस्कार जागा होतो आणि स्मृती उपजते. संस्काराला जागे करणाऱ्या निमित्ताला उद्बोधक म्हणतात. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त तर स्मृतीची व्याख्याच केवळ संस्कारातून उपजणारे ज्ञान अशी आहे.

कामाच्या जागी दिलेल्या प्रशिक्षणाला ही मांडणी लावून पाहिली, तर एका नेहमीच्या तक्रारीचा अर्थ बदलतो. चार महिन्यांपूर्वी प्रशिक्षण घेतलेला फिटर ऐन वेळी गोंधळला की ‘विसरला’ असा शेरा मारून फाइल बंद होते. पण अनुभवच घडला नव्हता, की संस्कार कच्चा राहिला, की संस्कार असूनही उद्बोधक मिळाला नाही? तिन्हींना एकच औषध चालत नाही.

संस्कार शाबूत असूनही आठवण न येणे, ही कल्पना वरवर पाहता सोयीची पळवाट वाटते. जे कधी दिसत नाही ते आहे असे कशावरून म्हणायचे? जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांच्या 1885 च्या ग्रंथाने नकळत याला उत्तर दिले. निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करायचे, काही काळ जाऊ द्यायचा आणि तेच पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचे, अशी त्यांची रीत होती. एका दिवसानंतर ही बचत सुमारे एक तृतीयांशावर आली. पण 31 दिवसांनंतरही ती साधारण एक पंचमांश होती. घसरण सुरुवातीला भराभर होते आणि मग मंदावते, हा भाग सगळे सांगतात. त्याहून मोलाचे हे की मनात काहीच उरले नाही असे वाटत असतानाही काहीतरी उरलेले असते, आणि ते फक्त पुन्हा शिकताना कळते. उजळणीचे वर्ग पहिल्या प्रशिक्षणापेक्षा लहान असूनही पुरतात ते यामुळेच.

पहिल्या टप्प्याकडे मात्र कारखान्यांत सर्वांत कमी लक्ष जाते. एकाने अनुभवलेले दुसऱ्याला आठवू शकत नाही, हे नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचे, आवडते तत्त्व. पाहणारा आणि आठवणारा एकच असला पाहिजे, म्हणून टिकून राहणारा आत्मा मानावा लागतो, असा त्यांचा बौद्धांच्या क्षणिकवादाविरुद्धचा, म्हणजे सर्व काही क्षणभरच टिकते या मताविरुद्धचा, युक्तिवाद आहे. बौद्धांनी त्याला संतानाच्या, म्हणजे क्षणांच्या अखंड ओघाच्या, कल्पनेने उत्तर दिले. पण एका ओघातला अनुभव दुसऱ्या ओघात आठवत नाही, हे त्यांनाही मान्यच होते. तेव्हा आत्म्याचा वाद बाजूला ठेवला तरी निष्कर्ष तोच राहतो: प्रशिक्षकाचा वीस वर्षांचा अनुभव स्लाइडवरून कामगारात उतरत नाही.

यंत्रदुरुस्तीपूर्वीच्या लॉकआउट-टॅगआउटचेच पाहा. मेन स्विच बंद करायचा, त्यावर आपले स्वतःचे कुलूप लावायचे, नावाचा टॅग अडकवायचा, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, साठून राहिलेला दाब किंवा विद्युतभार मोकळा करायचा, आणि मग चालू करण्याचे बटण दाबून यंत्र खरेच मेले आहे ना ते बघायचे. प्रशिक्षणाच्या खोलीत बसून हे ऐकणाऱ्याला अनुभव आला तो वाक्ये ऐकण्याचा. पुढे त्याला आठवतील तीही वाक्येच, आणि लेखी परीक्षेत तो पैकीच्या पैकी गुण मिळवील. कुलूप अडकवणाऱ्या हाताचा अनुभव त्याला कधी झालेलाच नाही. इथे विस्मरणाला दोष देणे म्हणजे न पेरलेल्या शेतात कणसे शोधणे होय.

संस्कार पक्का कशाने होतो, याचे उत्तर वैशेषिक दर्शनाचा भाष्यकार प्रशस्तपाद याने साधारण सहाव्या शतकात दिले आहे. त्याने तीन कारणे सांगितली. एक, तीव्र आश्चर्य: दक्षिणेतल्या माणसाला पहिल्यांदा उंट दिसावा तसे. दुसरे, अभ्यास, त्याची उदाहरणे विद्या, शिल्प आणि व्यायाम ही आहेत, म्हणजे हातापायांचे कौशल्य त्याने पाठांतराच्या पंक्तीला बसवले. तिसरे, आदर, म्हणजे एखादी दुर्मीळ गोष्ट पाहायला मिळावी म्हणून मन लावून केलेला प्रयत्न. सुरक्षेच्या वर्गात अपघाताची भीषण चित्रफीत दाखवणारे पहिल्या कारणावर सगळी भिस्त ठेवतात. धक्का लक्षात राहतो, पण पायऱ्यांचा क्रम त्याच्याबरोबर येतोच असे नाही. आदर तर हजेरीपटावर सही घेऊन निर्माण होत नाही. शिकलेले उद्या आपल्याला लागणार आहे, हे कामगाराला स्वतःला पटावे लागते.

उद्बोधकांची यादी न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आहे. एकाग्रता, अभ्यास, खूण, सादृश्य, एकामागून एक येण्याचा क्रम, विरोध, भय, गरज अशी पंचवीसहून अधिक निमित्ते तिथे ओळीने येतात. यादी लांबलचक आहे खरी, पण कारखान्यात फिरताना ती हाताशी असावी अशी आहे. स्विचवरचा लाल टॅग ही खूण. एका पायरीने पुढची सुचवणे हा क्रम. भारतीय रेल्वेत लोको पायलट आणि त्याचा सहायक दिसणारा सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. प्रत्येक सिग्नल नियमाची आठवण जागवतो आणि दोघांपैकी एकाचे लक्ष उडाले तर दुसऱ्याचा आवाज ते काम करतो. या पद्धतीत स्मरणाचा भार एकट्या डोक्यावर राहत नाही. उलट, वातानुकूलित सभागृहात दिलेले धडे रात्रपाळीच्या गोंगाटात आठवावेत अशी अपेक्षा असते, तेव्हा शिकण्याच्या जागेतले एकही निमित्त कामाच्या जागी हजर नसते.

शेवटचा मुद्दा नैयायिकांच्या कठोरपणाचा आहे. स्मृती खरी असली तरी ते तिला प्रमा, म्हणजे यथार्थ अनुभव, मानत नाहीत; तिची सत्यता मूळ अनुभवाकडून उसनी आलेली असते. जैन तार्किकांना हे मान्य नव्हते. त्यांनी स्मृतीला परोक्ष प्रमाणांत, म्हणजे अप्रत्यक्ष ज्ञानाच्या साधनांत, स्थान दिले, आणि स्मृतीवाचून अनुमानही चालत नाही हा त्यांचा आक्षेप वजनदार आहे. तरीही कामाच्या जागी नैयायिकांची सावधगिरीच उपयोगी पडते. यंत्र बदलले, नवी वायरिंग झाली, तर चोख आठवणही चुकीच्या स्विचकडे नेते. लॉकआउटमध्ये कुलूप लावल्यावरही चालू करण्याचे बटण दाबून पाहण्याची पायरी आहे ती यासाठी: कोणता स्विच कोणत्या यंत्राचा, हे आठवणीवर सोडलेले नाही; ते त्या क्षणी प्रत्यक्षाने ठरते.