'डीएम करा' म्हणजे काय रे?

मान वर कर आणि ऐक. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्रादाने आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा तू स्टेटसवर केवढी आगपाखड केलीस! संताप रास्त होता, मलाही आला. पण त्याच दिवसांत कुणी परदेशातून 'कोल्हापुरी' शोधत तुझ्या पेजवर आलं असेल, तर त्याला काय दिसलं? एक अंधारा फोटो आणि खाली 'किमतीसाठी डीएम करा'.

बर्लिनमधली बाई डीएम करत बसणार नाही. किंमत, पोहोचायचे दिवस, परत करायची अट दिसली नाही की ती निघून जाईल. तुझा 'आठ नंबर' तिच्या काय कामाचा? पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिही. चप्पल कापशी की कुरुंदवाडी, टाके चामड्याच्या वादीचे की दोऱ्याचे, तेही लिही. हे तुला तोंडपाठ आहे, पण लिहायचा कंटाळा!

आणि कातडं? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं हे आपलं खरं बळ. अंगाला लागणाऱ्या चामडी वस्तूंत घातक षट्‌संयुजी क्रोमियम किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत असावं, असा युरोपात २०१५ पासून नियम आहे. तू मात्र स्वस्त पडतं म्हणून क्रोमचं कातडं आणलंस आणि फोटोखाली 'अस्सल पारंपरिक' लिहिलंस. हे मी खपवून घेणार नाही. २०१९ चं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांच्या कारागिरांचं आहे. तुझ्या एका खोट्या ओळीने त्या सगळ्यांची पत जाते.

'सरकार काही करत नाही' हे तर बोलूच नकोस. आयात-निर्यात कोड घरबसल्या ५०० रुपयांत निघतो. डाकघर निर्यात केंद्रं २०२२ पासून सुरू आहेत, पोस्टाने माल परदेशी पाठवायची कागदपत्रं तिथे होतात. तू एकदा तरी चौकशी केलीस? अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी बंद केली. ते शुल्क कोण भरणार, हे ऑर्डर घेतानाच सांगायचं. पार्सल दारात आल्यावर ग्राहकाशी वाद घालायचा नाही.

शनिवारी पॅन कार्ड, रद्द केलेला चेक आणि कातड्याच्या खरेदीची पावती घेऊन ये, आयात-निर्यात कोडचा अर्ज माझ्यासमोर भर. आणि 'अस्सल पारंपरिक' ही ओळ आत्ता, इथेच, माझ्यासमोर काढ.