हौशी वाचकाचे मत
हौशी वाचकाचे मत समीक्षेसारखे मोजूनमापून येत नाही. ते पुस्तक मिटता मिटता उमटते. शहापूर-बेळगावच्या वाचकाला तर घरचीच, म्हणजे याच भागातल्या लेखकांची, पुस्तके पुष्कळ. प्रकाश नारायण संत यांचा कथानायक लंपन ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या कथासंग्रहांत भेटतो. त्याच्या बोलण्यातली कानडी लय इथे कुणाला समजावून द्यावी लागत नाही; म्हणूनच लंपनबद्दल इथल्या वाचकाचे मत अधिक विश्वासाचे. प्रकाश संतांच्या मातोश्री इंदिरा संत यांच्या ‘गर्भरेशीम’ या कवितासंग्रहाला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कथेच्या वेगाने ही कविता वाचली, तर हाती काहीच लागत नाही. निपाणीच्या महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवत कष्टकऱ्यांच्या कथा लिहिल्या. त्या वाचताना गिरणीसमोरची रांग ओळखीची वाटते.